खंडेनवमीची चाळीस काडतुसं

सुमित्राताईंनी ठरवलं होतं ते एवढंच, की यंदा खंडेनवमीला घरातलं एकही अवजार पूजेवाचून राहू द्यायचं नाही.

यात काही वावगं होतं का? तुम्हीच सांगा. गेल्या वर्षी सगळ्यांची पूजा झाली होती. विळी, सुऱ्या, मिक्सर, शिवणाचं मशीन, नरेंद्ररावांचा लॅपटॉप, अनिकाचा कॅल्क्युलेटर, झालंच तर लॉनमोअर. फक्त डिशवॉशर राहिला. (तो ओट्याखाली असतो, नजरेस आला नाही.) दिवाळीला बावीस माणसं फराळाला घरात असताना त्याच डिशवॉशरने स्वयंपाकघरभर फेस ओकला. नरेंद्रराव म्हणाले, "ड्रेन चोक झालाय." अनिका म्हणाली, "आई, यू पुट द राँग सोप." सुमित्राताईंना मात्र खरं कारण माहीत होतं.

तेव्हा यंदा त्यांनी आठ दिवस आधीच वहीत यादी केली. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्या घराला देवादिकांची सवय होतीच. सोळा सोमवार दोनदा झाले होते, संकष्टी कधी चुकली नव्हती, आणि नवरात्रातला अखंड दिवा व छतावरचा स्मोक अलार्म यांनी सहा वर्षं भांडून आता एकमेकांशी जुळवून घेतलं होतं. यादीत शेवटून दुसरं नाव गाडीचं होतं. शेवटचं नाव लिहिताना मात्र सुमित्राताईंचं पेन जरा थबकलं. मग त्यांनी लिहिलं, 'ह्यांचं ते गॅरेजमधलं टेबल.'

आता या टेबलाची गोष्ट सांगायला हवी.

नरेंद्ररावांनी तीस वर्षं ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत पाइपलाइनीतला दाब मोजला. गेल्या वर्षी ते रिटायर झाले, आणि मोजायला काही उरलं नाही म्हणून घरातच मोजू लागले. वरणाला फोडणी द्यायच्या वेळी तेलात थर्मामीटर बुडवण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा सुमित्राताईंनी देवीला साकडं घातलं की यांना काहीतरी उद्योग दे. देवीने उद्योग दिला. फक्त कसला ते सुमित्राताईंनी सांगायला हवं होतं.

उद्योग शेजारच्या वेंडेलच्या रूपाने आला. वेंडेल म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांचे, शाळेची बस चालवून रिटायर झालेले, बायको देवाघरी गेलेली, बोलायला गोड. त्यांच्याकडे वडिलांची एक रायफल होती. तिला लागतं ते काडतूस थर्टी-फाइव्ह व्हेलन नावाचं. ससा-हरणाच्या बंदुकीचं असतं तेवढं लहान नाही आणि हत्तीच्या बंदुकीचं असतं तेवढं मोठंही नाही, मधलं. आणि मधल्यांचं जे घरोघरी होतं तेच त्या रायफलीचं झालं होतं. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दुकानात तिची काडतुसं मिळायची नाहीत. म्हणून वेंडेल ती आयुष्यभर घरीच बनवत आले.

"म्हणजे घरी? हाताने?" सुमित्राताईंनी विचारलं होतं.

"अगं, सोपं आहे," नरेंद्रराव म्हणाले. (सोपं आहे म्हणाल्यावर ते पाऊण तास बोलतात.) त्यातलं सुमित्राताईंना कळलं ते असं, की उडालेल्या काडतुसाची पितळी नळी टाकून द्यायची नाही. ती घासूनपुसून प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची. बुडाला नवी टिकली बसवायची, मुलांच्या पिस्तुलात असते तशी. मग काट्यावर तोलून आत पावडर ओतायची, आणि वरून गोळी दाबून तोंड बंद. पुन्हा नवं काडतूस. सुमित्राताईंना ते ऐकताना करंज्या आठवल्या.

वेंडेलचे हात मात्र गेल्या वर्षापासून थरथरू लागले. बंदूक ते अजून टेकूवर ठेवून नीट चालवत; पण चिमटीभर पावडर तोलणं जमेना. आणि नेमकं याच वर्षी त्यांचं नशीब उघडलं. न्यू मेक्सिकोच्या डोंगरात एल्क (म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ) मारायचा परवाना लॉटरीने मिळतो. वेंडेल अकरा वर्षं अर्ज करत होते. यंदा नंबर लागला. तोही आता, हात थरथरायला लागल्यावर.

"नॅरेन," ते म्हणाले होते, "वडिलांच्या रायफलीनेच जायचंय. आणि पुढच्या अकरा वर्षांचं मी काही सांगू शकत नाही."

नरेंद्ररावांनी जन्मात डास सोडून काही मारलं नव्हतं, आणि डासही हळहळत. पण पावडर तोलायची, तीही तांदळाच्या दाण्याहून बारीक मापात, हे ऐकून त्यांचे डोळे असे चमकले की सुमित्राताईंना लग्नातलेसुद्धा ते डोळे तसे आठवेनात.

घरात तीन दिवस अबोला झाला. "शाकाहारी घरात काडतुसं? देवी काय म्हणेल?" "देवीच्या आठही हातांत काय आहे ते जरा बघ!" शेवटी तह झाला. काडतुसं गॅरेजबाहेर येणार नाहीत, काम झाल्यावर नरेंद्रराव कोपरापर्यंत हात धुतील, आणि सुमित्राताई त्या टेबलाला हात लावणार नाहीत.

"शपथ?"

"देवीची शपथ. हात लावणार नाही."

असा तह. आणि नवमी आली शुक्रवारी.

त्या दिवशी दुपारपर्यंत सुमित्राताईंनी यादीतली सतरा अवजारं पूजली. डिशवॉशरला तर दोनदा कुंकू लागलं. पूजेचं ताट घेऊन त्या गॅरेजमध्ये आल्या, तेव्हा अडीच वाजले होते आणि गाडी जागेवर नव्हती. अनिकाची बस चुकली होती. नरेंद्रराव हातातलं काम टाकून तिला शाळेतून आणायला गेले होते.

सुमित्राताई रिकाम्या जागेसमोर ताट घेऊन उभ्या राहिल्या. आता पंचाईत अशी, की गाडीसाठी म्हणून त्यांनी येता येताच मूठभर अक्षता घेतल्या होत्या, चांगल्या ओल्या कुंकवात कालवलेल्या. आणि देवाच्या नावाने एकदा मुठीत घेतलेल्या अक्षता परत वाटीत टाकायच्या नाहीत, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं, आईला तिच्या सासूने.

समोर टेबल होतं. टेबलावर प्रेस, काटा, एक वही, आणि लाकडी ठोकळ्यात शिस्तीत उभ्या चाळीस पितळी नळ्या. लख्ख. पूजेला मांडल्यासारख्या.

सुमित्राताईंना एकदम भरून आलं. किती दिवस आपण या टेबलावर राग धरला! ते बिचारे वेंडेल, एकटे, थरथरत्या हातांचे, दूर डोंगरात जाणार. त्यांचं रक्षण कोण करणार? त्या दोन पावलं मागे उभ्या राहिल्या, (शपथ म्हणजे शपथ) डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आई जगदंबे, वेंडेलना यश दे. पण फार नको." आणि टेबलाच्या वाट्याच्या आणि गाडीच्या वाट्याच्या, दोन्ही मिळून सव्वा मूठ अक्षता त्यांनी त्या दिशेने उधळल्या.

डोळे उघडले तर टेबलभर लाल तांदूळ. नरेंद्रराव आले आणि हे बघितलं तर तह मोडला म्हणून ओरडणार. हात तर लावायचा नाही. सुमित्राताईंनी देव्हाऱ्यातलं मोरपीस आणलं, लांब उभं राहून हलक्या हाताने टेबलावरच्या सगळ्या अक्षता खाली पाडल्या, आणि केरसुणीने भरून तुळशीत टाकल्या. टेबल पुन्हा जसंच्या तसं. त्या प्रसन्न मनाने आत गेल्या. एकेका नळीचं तोंड उघडं होतं आणि आत पावडर भरून तयार होती, हे त्यांनी पाहिलंच नाही. आणि पाहिलं असतं तरी त्याचा अर्थ त्यांना कळला नसता.

नरेंद्रराव अनिकाला घेऊन आले. जाण्यापूर्वी त्यांनी चाळीसही नळ्यांत टॉर्च मारून बघितलं होतं आणि वहीत चाळीस टिकमार्क केले होते. ते बसले आणि एकेकीवर गोळी दाबून तोंडं बंद करू लागले. संध्याकाळी सहापर्यंत वीस-वीसच्या दोन डब्या तयार होत्या, वर त्यांच्या सुंदर अक्षरात तारीख घातलेल्या.

दसरा शनिवारी. वेंडेल दुपारी जेवायला आले, रविवारी पहाटे निघणार होते. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. सुमित्राताईंनी त्यांच्या हातात सोनं म्हणून अंगणातल्या रेडबडचं पान दिलं. (आपट्याचं नसलं तरी हृदयासारखं असतं, देवीने इतकी वर्षं चालवून घेतलंय.) नरेंद्ररावांनी, सुमित्राताईंच्या परवानगीने आजच्यापुरत्या गॅरेजबाहेर आणलेल्या दोन्ही डब्या समोर ठेवल्या. वेंडेलनी एक काडतूस उचललं, उजेडात फिरवलं आणि बुडाच्या टिकलीवरून अंगठा फिरवला.

"मिस सुमित्रा," ते म्हणाले. (ते बोलतात टेक्ससचं ऐसपैस इंग्रजी, मी आपलं मराठीत सांगते.) "तुमच्या यजमानांसारखा माणूस मी पाहिला नाही. पावडरीचा एक कण जास्त झाला तर सगळं ओतून पुन्हा तोलतात."

नरेंद्ररावांची छाती श्रीखंडाच्या वाटीपर्यंत आली.

सुमित्राताई पुऱ्या वाढत होत्या. त्यांना वाटलं, आपणही चार शब्द बोलावेत. "पण एवढं काय हो त्यात? थोडं इकडेतिकडे झालं तर? समजा, एखादा तांदूळच पडला आत?"

"तांदूळ!" नरेंद्रराव हसले. "अगं, ते काडतूस आहे, खिरापत नाही!"

अनिकाही हसली. वेंडेल हसले नाहीत. त्यांनी काडतूस जपून डबीत ठेवलं.

"मॅम, कदाचित काहीच होणार नाही. पण ओलसर काही आत गेलं, पावडर भिजली, तर बार धड उडत नाही. नुसता फुस्स होतो, आणि गोळी बंदुकीच्या नळीत मध्येच अडकते. बाहेरून कळत नाही. समोर जनावर असतं, माणूस घाईत दुसरी गोळी झाडतो. आता बंदुकीची नळी बंद, आणि मागून स्फोट." त्यांनी डावा हात वर केला, दोन बोटं मिटून घेतली. "माझ्या चुलतभावाचा हात असा होता. चाळीस वर्षं."

"म्हणून तर मी नॅरेनला काम दिलं," वेंडेल म्हणाले, आणि श्रीखंडाकडे वळले.

सुमित्राताई स्वयंपाकघरात गेल्या आणि कढईतली पुरी काळी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. तांदूळ. ओल्या कुंकवातला तांदूळ. सव्वा मूठ. सांगायचं? आता? पाहुण्यासमोर? यांचा चेहरा एवढा फुललेला असताना? शपथ मोडली म्हणून सांगायचं, आणि ते मोरपीस? ते तर लपवाछपवीत मोडतं. आयुष्यभर देवासमोर खोटं बोलायचं नाही म्हणून धडपडले, आणि शेवटी देवाचंच मोरपीस घेऊन पुरावा झाडला!

"आई, पुरी इज बर्निंग," अनिका दारात उभी होती. "आर यू ओके?"

"मला काय धाड भरलीय?"

त्यांनी सरळ मार्ग सोडून आडवाट धरली. (भित्रं माणूस हेच करतं, आणि सुमित्राताईंना त्याची लाजही तिथल्या तिथे वाटत होती.) बाहेर येऊन म्हणाल्या, "वेंडेल, मी काय म्हणते, उद्या निघू नका. आमच्यात आत्ता प्रवास चांगला नसतो."

"आई," अनिका म्हणाली, "दसऱ्याला तर सीमोल्लंघन करतात ना? मराठी स्कूलमध्ये तूच शिकवलंस. यू मेड अस कलर इट."

"उद्या एकादशी आहे. एकादशीला शिकार करणं म्हणजे..."

"उद्या मी फक्त ड्राइव्ह करणार, मॅम," वेंडेल मायेने म्हणाले. "शिकारीला बुधवार उजाडेल."

"मग असं करू," सुमित्राताई एका दमात म्हणाल्या, "दोन्ही डब्या मी देवीपुढे ठेवते. आठवडाभर. म्हणजे, आत्ता. थोडा वेळ."

नरेंद्रराव उठून उभेच राहिले. "बघा वेंडेल! दोन महिने विरोध करत होती. आज स्वतः देवीपुढे ठेवतेय!" वेंडेलनी दोन्ही डब्या दोन्ही हातांनी दिल्या, आणि म्हणाले की एवढं करताच आहात तर प्रार्थनेला मीही उभा राहतो.

झालं. आरतीला सगळे. वेंडेल बूट काढून, हात जोडून. देवीपुढे चाळीस काडतुसं. सुमित्राताईंना देवीच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून त्या तिच्या नथीकडे बघून आरती म्हणत राहिल्या, आणि दुसऱ्या कडव्यात दोनदा पहिलंच कडवं म्हटलं. मग मंत्रपुष्पांजलीची वेळ आली. अनिकाने सवयीने ताट फिरवून सगळ्यांच्या हातात फूल-अक्षता दिल्या.

वेंडेलच्या तळव्यावर लाल तांदूळ पडले. हात थरथरत होता. एक एक दाणा तळव्यावरून घसरून खाली पडत होता, आणि ते दुसऱ्या हाताने ते सांभाळायचा प्रयत्न करत होते. सुमित्राताईंनी त्यांची बोटं मोजली. दहा. सगळी जागच्या जागी.

"तांदूळ गेलाय," त्या म्हणाल्या.

नरेंद्रराव मंत्रपुष्पांजलीत रंगले होते. "काय?"

"तांदूळ गेलाय. आत."

"कशात? कुकरमध्ये?"

"त्यात." त्यांनी डब्यांकडे बोट दाखवलं. "पण हात नाही लावला मी! देवीची शपथ, हात नाही लावला. लांबून टाकल्या. सव्वा मूठ. गाडी नव्हती ना, म्हणून गाडीच्या पण!"

नरेंद्ररावांना संपूर्ण वाक्य समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा हळूहळू कुंकवासारखा झाला. "सुमित्रा. तू माझ्या भरलेल्या नळ्यांवर अक्षता टाकल्यास?"

"पूजा केली! खंडेनवमीची!"

"आणि टेबलावर एकही दाणा नव्हता तो?"

"मोरपीस," सुमित्राताई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. अनिका वेंडेलना भराभर इंग्रजीत सांगत होती. "शी ब्लेस्ड देम, मिस्टर वेंडेल. विथ राइस. शी डझ इट टू एव्हरीथिंग. यस्टरडे शी डिड द टोस्टर."

सुमित्राताईंनी पदराने तोंड झाकलं. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत इतकी लाज त्यांना एकदाच वाटली होती, आणि ती गोष्ट त्या कुणाला सांगत नाहीत. आपल्या भक्तीने आपण एका माणसाचा हात घालवणार होतो, आणि वर तोंड मिटून पुऱ्या वाढत होतो!

वेंडेलनी तळव्यावरच्या अक्षता देवीच्या पायाशी ठेवल्या, नीट, एकही न सांडता. मग ते नरेंद्ररावांकडे वळले.

"नॅरेन, गोळी बसवायच्या आधी पुन्हा टॉर्च मारला होतास?"

नरेंद्ररावांनी जमिनीकडे बघितलं. "टिकमार्क केले होते. आधी."

"टिकमार्कला डोळे नसतात, पार्टनर."

आता या घरात मान खाली घालून बसलेली माणसं दोन झाली.

पुढचे तीन तास गॅरेजमध्ये गेले. काडतूस उघडायला प्लास्टिकचा एक हातोडा असतो. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि ठोकळ्यावर आपटायचं. चार-पाच ठोक्यांत गोळी सुटून येते आणि पावडर हातोड्याच्या पोटात पडते. नरेंद्रराव ठोकत होते. सुमित्राताई स्टीलचं ताट धरून उभ्या. वेंडेल खुर्चीवर बसून दातकोरणीने ताटातली पावडर चाळत होते.

"नाही," पहिल्याला वेंडेल म्हणाले.

"देवा," सुमित्राताई म्हणाल्या. "मी तर दोन पावलं मागे होते हो. आणि डोळे मिटलेले. तशा माझ्या अक्षता फार लांब जातच नाहीत, कांचनच्या मुलीच्या लग्नात पुढच्या रांगेतल्या आजींच्या केसांतच अडकल्या होत्या, मी नंतर गेले काढायला तर त्या म्हणाल्या..."

"सुमित्रा. ताट हलतंय."

"नाही," पाचव्याला वेंडेल. "नाही," अकराव्याला.

प्रत्येक 'नाही'ला सुमित्राताईंचा जीव भांड्यात पडत होता. देवीने राखलं! वीस झाली. पहिली डबी निर्मळ. त्यांनी मनात देवीला साखर ठेवली.

पण पंचविसाव्याच्या सुमारास त्यांना जाणवलं की गॅरेजमधली हवा बदलतेय. नरेंद्ररावांचा उजवा खांदा दुखायला लागला होता आणि ते ठोकताना ठोकळ्याकडे न बघता सुमित्राताईंकडे बघत होते. वेंडेलनी दोनदा घड्याळ पाहिलं. तापत्या उन्हातलं ते गॅरेज, शर्ट ओलेचिंब, अनिका मध्येच येऊन, "एनीथिंग?" विचारून जात होती. दोन महिन्यांची मेहनत, एकेक कण तोललेली, ताटात ढीग होऊन पडली होती.

"नाही," तिसाव्याला वेंडेल म्हणाले.

"तू टाकल्या होत्यास ना नक्की?" नरेंद्रराव म्हणाले.

आणि मग, सांगायलाही संकोच वाटतो, सुमित्राताईंच्या मनात उलटंच सुरू झालं. आत एकही अक्षता निघाली नाही तर? चाळीसची चाळीस काडतुसं आपण विनाकारण मोडायला लावली असं होईल! 'सुमित्राच्या तांदळाची गोष्ट' यांच्या तोंडून शुगर लँडमधल्या प्रत्येक पॉटलकच्या जेवणाला ऐकावी लागेल!

"नाही." चौतीस.

"नाही." सदतीस.

"मॅम," वेंडेल हळूच म्हणाले, "कदाचित सगळ्या खाली पडल्या असतील."

अडतीस झालं. एकोणचाळीस झालं. नरेंद्ररावांनी शेवटचं काडतूस हातोड्यात अडकवलं, आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की ताटातली पावडर हलली. सुमित्राताईंनी डोळे घट्ट मिटले. आई जगदंबे, त्या मनात म्हणाल्या, एक. फक्त एक अक्षता निघू दे. माझी लाज राख. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून नवस म्हणून जे पहिलं तोंडी आलं ते बोलून मोकळ्या झाल्या.

ठक. ठक. ठक.

ताटात काहीतरी टपकन पडलं.

लाल. गोलसर. भोवती पावडर चिकटून ओला गोळा झालेला.

"सापडली!" सुमित्राताई ओरडल्या. ताट टेबलावर ठेवून त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "सापडली! मी म्हटलं नव्हतं? आहे, आहे! सापडली!"

टाळ्या थांबल्या तेव्हा नरेंद्रराव, वेंडेल आणि दारातली अनिका, तिघंही त्यांच्याकडे बघत होती. वेंडेलनी तो गोळा दातकोरणीच्या टोकावर उचलून धरला होता. वेंडेलच्या हाताचा घास घेणारी वस्तू सापडली म्हणून आपण नाचत होतो, हे सुमित्राताईंच्या ध्यानात आलं, आणि त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"माझं चुकलं," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "सगळंच चुकलं. आधी टाकल्या ते, झाडल्या ते, जेवताना गप्प बसले ते. आणि हे आत्ताचं पण."

वेंडेलनी तो गोळा कागदात गुंडाळला.

"चुलतभावाचं काडतूस कुणी भरलं होतं, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "मी. एकोणीस वर्षांचा होतो. काहीतरी चुकलंय असं रात्रभर वाटत होतं, पण सांगितलं नाही. लाज वाटली." त्यांनी टोपी सारखी केली. "तुम्ही जेवणाच्या टेबलावरून उठून देवासमोर आलात आणि सांगितलंत. ते जमतं का बघा कुणाला."

सुमित्राताईंना रडू आलं, आणि या वेळी त्यांनी तोंड झाकलं नाही.

ठरलं ते असं. वेंडेल सोमवारी निघतील. नळ्या पुसून वाळवायच्या, जुनी पावडर फेकून द्यायची, रविवारी सगळी चाळीस नव्याने भरायची. वेंडेल समोर खुर्चीवर बसतील, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक नळीत दोन माणसं टॉर्च मारतील. गॅरेजच्या दाराला आतून कडी. सुमित्राताईंनी स्वतःच सुचवलं ते.

वेंडेल घरी गेले. ऊन उतरलं होतं. नरेंद्रराव कोपरापर्यंत हात धुऊन स्वयंपाकघरात आले. राग असा उरला नव्हता, नुसता खांदा उरला होता.

"सुमित्रा, एक सांग. सापडल्यावर टाळ्या कसल्या वाजवल्यास?"

सुमित्राताईंनी ओटा पुसायला घेतला. "नवस बोलले होते."

"कसला?"

"एक अक्षता निघाली तर वर्षभर..." त्यांनी फडकं पिळलं. "दर मंगळवारी मौन पाळीन म्हणून. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. घाईत दुसरं काही सुचलंच नाही हो."

नरेंद्रराव टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. मग ते देवघराकडे गेले. अठ्ठावीस वर्षांत आरतीखेरीज ज्या माणसाने आपण होऊन कधी हात जोडले नव्हते, तो माणूस देवीपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने कपाळ जमिनीला लावलं.

"जागृत आहे," ते उठताना म्हणाले. "आज पटलं मला."

सुमित्राताईंना कोण आनंद झाला. एवढ्या सगळ्यातून निदान हे तरी! त्यांनी प्रसादाची वाटी पुढे केली. पण नरेंद्रराव दाराशी थबकले होते, आणि त्यांचा चेहरा हिशेब चुकल्यासारखा दिसत होता.

"एका अक्षतेला आठवड्याचा एक वार," ते पुटपुटले. "अगं, सात निघायला हव्या होत्या."

आणि ड्रॉवरमधलं मोठं भिंग घेऊन ते ताटातली पावडर पुन्हा एकदा चाळायला गॅरेजकडे गेले.